मित्रदेशाकडे चीनबद्दल शब्द टाकताना: 'बाजार अर्थव्यवस्था' दर्जाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०१५ च्या डिसेंबरात, ऐन नाताळच्या सुट्टीत, एक बातमी फुटली. चीनला 'बाजार अर्थव्यवस्था' म्हणून मान्यता दिलीत तर आपली हत्यारं आपणच खाली ठेवल्यासारखं होईल, असं अमेरिकी अधिकाऱ्यांनी ब्रसेल्सला, म्हणजे युरोपीय संघाच्या मुख्यालयाला, खासगीत बजावलं होतं. निर्णय युरोपचा, माल चीनचा आणि धाकधूक वॉशिंग्टनला. प्रकरण पुढे दोन वर्षं चाललं आणि त्याचे धागे पार २०२० पर्यंत लोंबत राहिले. मित्राकडे तिसऱ्याबद्दल शब्द कसा टाकावा आणि काम कशाने बिघडतं, हे बघायला याच्याइतकं चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. या विषयावर हटकून विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

'बाजार अर्थव्यवस्था' हा दर्जा म्हणजे काय? कुणी तो मिरवतो का?

मिरवायची पदवी नाही ती, हिशेबाची पद्धत आहे. एखादा कारखाना घरच्या बाजारात ज्या भावाने माल विकतो त्यापेक्षा कमी भावाने परदेशात विकत असेल, तर त्याला डम्पिंग म्हणतात. आयात करणारा देश फरकाएवढं जादा शुल्क लावू शकतो. आता घरचा भावच सरकारने ठरवलेला असेल, वीज, जमीन, कर्ज सगळं सरकारी मर्जीने मिळत असेल, तर त्या भावाशी तुलना करून काय हाती लागणार? मग तपास करणारे अधिकारी तिसऱ्या देशातला भाव घेतात.

युरोपने २००९ मध्ये चिनी बोल्ट आणि स्क्रूंवर ८५ टक्क्यांपर्यंत शुल्क लावलं, तेव्हा तुलनेसाठी घेतलेला तिसरा देश भारत होता. सोलर पॅनेलच्या २०१३ च्या प्रकरणातही भारतच. म्हणजे चिनी बोल्ट महाग की स्वस्त हे भारतीय बोल्टच्या भावावरून ठरलं. चीनचा राग समजण्यासारखा आहे: माझ्या मालाची किंमत दुसऱ्याच्या वहीतून का काढता?

दर्जा मिळाला की चीनचे स्वतःचे भाव धरावे लागतात. मग फरक कमी निघतो आणि शुल्कही घटतं. सगळं भांडण या एका आकड्याचं आहे.

हे आणि 'मोस्ट फेव्हर्ड नेशन' एकच का?

नाही, आणि ही गल्लत वर्तमानपत्रांतसुद्धा होते. 'मोस्ट फेव्हर्ड नेशन' म्हणजे सगळ्यांना जे साधं शुल्क, तेच तुम्हाला. चीनला अमेरिकेकडून ते १९८० पासून दरवर्षी नव्याने मिळत असे. ऑक्टोबर २००० मध्ये क्लिंटन यांनी ते कायमचं करणाऱ्या कायद्यावर सही केली. बाजार अर्थव्यवस्थेचा मुद्दा फक्त डम्पिंगच्या चौकशीत येतो. पण मित्रांमधली शिष्टाई दोन्ही बाबतींत झाली, म्हणून पुढे एका प्रश्नात पहिल्या प्रकारचंही उदाहरण घेतलं आहे.

२०१६ लाच एवढं महत्त्व का आलं?

चीन ११ डिसेंबर २००१ ला जागतिक व्यापार संघटनेत आला. प्रवेशाच्या करारातलं कलम १५ इतर देशांना तिसऱ्या देशाचा भाव वापरायची मुभा देतं. त्याच कलमाच्या शेवटी मात्र असं लिहिलंय की त्यातलं एक उपकलम 'कोणत्याही परिस्थितीत' १५ वर्षांनी संपेल. म्हणजे ११ डिसेंबर २०१६.

चीनचं म्हणणं सरळ होतं: तारीख आली, मुभा संपली, आमचे भाव धरा. अमेरिकेचं म्हणणं: संपलं ते एकच उपकलम. आजूबाजूचा मजकूर जागेवर आहे, आणि आपल्याकडे बाजार चालतो हे सिद्ध करायची जबाबदारी अजून चिनी उत्पादकांवरच आहे.

माझं मत विचाराल तर चीनची बाजू कायद्याच्या दृष्टीने लेचीपेची नव्हती. त्याच बोल्टच्या शुल्काविरुद्ध चीनने केलेल्या खटल्यात २०११ मध्ये संघटनेच्या अपील मंडळाने जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं, आणि त्याचा रोख ही सवलत २०१६ मध्ये संपते असा होता. त्या दाव्याचा तो मुद्दा नव्हता, पण चिनी वकिलांनी ते वाक्य जपून ठेवलं. करार लिहिणाऱ्यांनी २००१ मध्ये एक ओळ जास्त घातली असती तर पुढची तारांबळ टळली असती. तेव्हा १५ वर्षं म्हणजे फार लांबची गोष्ट वाटली असणार.

युरोपने काय ते ठरवावं. अमेरिकेच्या पोटात का दुखलं?

तीन कारणं होती, आणि ती एकमेकांत गुंतलेली होती.

सगळ्यात मोठं कारण पायंड्याचं. युरोपने चीनचा अर्थ मान्य केला असता तर पुढच्या खटल्यात चीनने पहिला पुरावा तोच ठेवला असता: बघा, इतका मोठा सदस्य कलम आमच्यासारखंच वाचतो. मग अमेरिका, जपान, कॅनडा, भारत असे मोजके उरले असते.

दुसरं कारण पोलादाचं. जगातलं जवळपास अर्धं पोलाद तेव्हा चीनमध्ये निघत होतं, आणि घरात खपत नव्हतं ते बाहेर पडत होतं. पाण्याला एक दार बंद असलं की ते दुसऱ्या दाराने शिरतं. चिनी माल युरोपात शिरला की युरोपचा माल गिऱ्हाईक शोधत अटलांटिक ओलांडणार, ही भीती होती.

तिसरं कारण कमी बोललं गेलं. त्याच काळात अमेरिका आणि युरोप आपसात मोठ्या व्यापार कराराची बोलणी करत होते. दोन घरांमधली भिंत पाडायला निघाल्यावर शेजाऱ्याने मागचं दार उघडं टाकावं, हे कुणाला आवडेल?

मग जाहीरपणे 'देऊ नका' म्हणायला हरकत काय होती?

हरकत होती, आणि ती त्याच वर्षी मार्चमध्ये कळून चुकली होती. चीनने आशियाई पायाभूत गुंतवणूक बँक काढायचं ठरवलं, तेव्हा अमेरिकेने मित्रांना त्यापासून लांब राहायला सुचवलं. १२ मार्च २०१५ ला ब्रिटनने सामील होत असल्याचं जाहीर केलं. वॉशिंग्टनमधून ब्रिटनबद्दल नाराजीचा सूर पत्रकारांपर्यंत पोहोचला: हे चीनच्या सतत कलाने घेतात. आठवडाभरात जर्मनी, फ्रान्स, इटलीही रांगेत उभे राहिले. नाराजी चारचौघांत दाखवल्याने काही थांबलं तर नाहीच, उलट आपलं कुणी ऐकत नाही हे सगळ्या जगाला दिसलं.

मित्राकडे शब्द टाकताना ही पहिली अडचण असते. जाहीर मागणी केली की मित्राला 'हो' म्हणणं अवघड होतं, कारण मग ते ऐकणं ठरतं. संघाचा कारभार पाहणाऱ्या युरोपीय आयोगाला ११ डिसेंबर २०१६ नंतरही बीजिंगशी रोज बोलायचं होतं. 'अमेरिकेने सांगितलं म्हणून' हा शिक्का बसला असता तर आयोगाची कायदेशीर बाजूही लंगडी झाली असती.

म्हणून शब्द खासगीत टाकला गेला. पण तो फुटला. मुद्दाम फोडला का, हे सांगता येणार नाही. 'लेकी बोले सुने लागे' ही तऱ्हा मात्र शिष्टाईत जुनीच आहे: सांगायचं ब्रसेल्सला, ऐकवायचं बीजिंगला, आणि जमलं तर आपल्या घरच्या पोलाद कामगारांनाही.

युरोपीय संघात नेमकं कुणाला गाठायचं? तिथे तर २८ देश होते.

बाहेरचे लोक इथेच चुकतात. व्यापाराचं धोरण संघाच्या हातात असतं, एकेका देशाच्या नाही. प्रस्ताव आयोग मांडतो. तेव्हा ज्याँ-क्लोद युंकर अध्यक्ष होते आणि व्यापार खातं सेसिलिया माल्मस्ट्रोम यांच्याकडे होतं. प्रस्ताव मंजूर व्हायला देशांच्या परिषदेत ठरावीक बहुमत लागतं, म्हणजे ५५ टक्के देश आणि त्यांत ६५ टक्के लोकसंख्या. शिवाय संघाच्या कारभाराचे नियम बदलणाऱ्या लिस्बन करारानंतर युरोपीय संसदेची मंजुरीही लागते.

त्यामुळे लंडन किंवा बर्लिनमध्ये जेवण घालून काम होत नाही. फक्त ब्रसेल्स धरूनही होत नाही. इटली ठाम विरोधात होता; तिथल्या छोट्या कारखानदारीला चिनी मालाचा फटका थेट बसत होता. ब्रिटन आणि उत्तरेकडचे खुल्या व्यापारवाले देश चीनला अनुकूल. जर्मनीचं तळ्यात मळ्यात: ऑक्टोबर २०१५ मध्ये बीजिंगला गेलेल्या अँगेला मर्केल यांनी तत्त्वतः अनुकूलता दाखवली, पण चीननेही काही गृहपाठ करावा हेही ऐकवलं.

पण पारडं फिरवलं ते यांच्यापैकी कुणी नाही. १५ फेब्रुवारी २०१६ ला हजारो पोलाद कामगार ब्रसेल्सच्या रस्त्यावर उतरले. मालक आणि कामगार एकाच मोर्चात, असं दृश्य रोज दिसत नाही. दर्जा दिल्यास किती नोकऱ्या जातील यावर आकड्यांची लढाई जुंपली. उद्योगांनी करवून घेतलेला अभ्यास ३५ लाखांपर्यंत गेला. आयोगाचा स्वतःचा अंदाज वरच्या टोकाला दोन लाखांच्या आसपास होता. दोन्ही आकडे कशाकशावर बेतले होते हे वाचायला फार कमी लोक थांबले. १२ मे ला युरोपीय संसदेने ठराव केला की चीन बाजार अर्थव्यवस्था नाही. बाजूने ५४६, विरोधात २८, तटस्थ ७७. ठराव बंधनकारक नव्हता, पण ज्या संसदेची मंजुरी घ्यायची ती ५४६ मतांनी काय म्हणते, हे आयोगाला दिसलं.

ब्रिटन एवढा चीनच्या बाजूने का होता? पोलाद कारखाने तर तिथेही होते.

होते, आणि त्यातले मोठे आपल्या टाटांचे होते. या प्रकरणाचा मुंबईशी संबंध येतो तो इथे.

ऑक्टोबर २०१५ मध्ये शी जिनपिंग यांचा ब्रिटन दौरा मोठ्या थाटात झाला. राणीची बग्गी, राजवाड्यात मेजवानी, डेव्हिड कॅमेरॉन आणि अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांच्या तोंडी 'सुवर्णयुगा'ची भाषा. दौरा सुरू झाला त्याच दिवशी टाटा स्टीलने ब्रिटनमध्ये सुमारे १,२०० नोकऱ्या कमी करत असल्याचं जाहीर केलं. कारणांत स्वस्त चिनी पोलाद होतंच. सरकारची पंचाईत झाली, पण धोरण बदललं नाही.

२९ मार्च २०१६ ला टाटा स्टीलच्या संचालक मंडळाची बैठक मुंबईत झाली आणि ब्रिटनमधला धंदा विकायचं ठरलं. वेल्समधल्या पोर्ट टॅलबटच्या कामगारांचं भवितव्य मुंबईत ठरत होतं, म्हणून त्यांच्या संघटनेचे नेते मुंबईत येऊन थांबले होते. उद्योगमंत्री साजिद जाविद त्या दिवशी ऑस्ट्रेलियात होते. टीका झाल्यावर घाईने परतले आणि पुढच्या आठवड्यात टाटा समूहाचे तेव्हाचे अध्यक्ष सायरस मिस्त्री यांना भेटायला मुंबईत आले.

मंत्री मुंबईत खेटे घालत असताना ब्रसेल्समध्ये त्याच सरकारची भूमिका वेगळी होती. युरोपात एक जुना नियम होता: डम्पिंगचा फरक कितीही मोठा निघो, देशी उद्योगाचं नुकसान भरून निघेल तेवढंच शुल्क लावायचं. त्यामुळे एका प्रकारच्या चिनी पोलादी पत्र्यावर २०१६ च्या सुरुवातीला अमेरिकेचं शुल्क सुमारे २६६ टक्के, तर युरोपचं जेमतेम १६ टक्के. हा नियम सैल करू देणार नाही म्हणणाऱ्यांत ब्रिटन पुढे होता.

अमेरिकेच्या दृष्टीने बघा. सर्वांत जवळचा मित्र, आणि नेमका तोच या बाबतीत उपयोगाचा नाही. अशा वेळी मित्राला जास्त आग्रह करण्यात अर्थ नसतो. त्याच्याच घरात आपल्यासारखं बोलणारे कोण आहेत ते बघावं लागतं. २३ जून २०१६ च्या मतदानाने ब्रिटन संघातून बाहेर पडायच्या वाटेला लागला आणि ब्रसेल्समधला त्याचा आवाज आपोआप बारीक झाला.

चीन तोवर हातावर हात धरून बसला होता का?

मुळीच नाही. चीनची पद्धत वेगळी होती: सगळ्यांना एकत्र गाठायचं नाही, ज्याचं त्याचं दुखणं वेगळं काढायचं. ४ जून २०१३ ला युरोपने चिनी सोलर पॅनेलवर तात्पुरतं शुल्क जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी चीनने युरोपीय वाइनची डम्पिंग चौकशी उघडली. वाइन का? कारण शुल्काच्या बाजूने असलेले फ्रान्स, इटली हेच मोठे वाइनवाले. शुल्काला विरोध करणाऱ्या जर्मनीला त्याची फारशी झळ नव्हती. निशाणा इतका नेमका होता की समजावून सांगायची गरजच पडली नाही. जुलैअखेर किमान भावाची तडजोड झाली.

२०१६ मध्ये ही आठवण ताजी होती. मित्राकडे शब्द टाकणाऱ्याने हे लक्षात ठेवायला हवं: तुमचं ऐकल्यावर मित्राला जो फटका बसेल तो तुम्ही सोसणार आहात का? अमेरिकेकडे याचं उत्तर नव्हतं. फ्रेंच वाइनची भरपाई वॉशिंग्टन करणार नव्हतं.

शेवटी युरोपने दर्जा दिला की नाकारला?

दोन्ही नाही. माझ्या मते सगळ्या प्रकरणातली सर्वांत हुशारीची चाल हीच.

९ नोव्हेंबर २०१६ ला आयोगाने प्रस्ताव मांडला. त्याच दिवशी सकाळी डोनाल्ड ट्रम्प निवडून आल्याचं कळलं, त्यामुळे पहिल्या पानावर ही बातमी कुठेच दिसली नाही. प्रस्तावात जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्यांसाठी 'बाजार' आणि 'बिगरबाजार' असे देशांचे गटच मोडीत काढले होते. नवा नियम सगळ्या देशांना सारखा: ज्या देशात सरकारी हस्तक्षेपाने किमती 'लक्षणीय विकृत' झाल्या असतील, तिथले भाव बाजूला ठेवून बाहेरचे भाव घेता येतील. कायद्यात चीनचं नाव नाही. कलम १५ चा आधार नाही. त्यामुळे कलम संपलं की नाही हा वादच दारात अडला.

कायदा १२ डिसेंबर २०१७ ला झाला आणि २० तारखेला लागू झाला. लागू झाला त्याच दिवशी आयोगाने विकृत किमतींवरचा पहिला देशवार अहवाल काढला. कोणत्या देशाचा ते ओळखा. चारशेहून जास्त पानं, जमिनीपासून कर्जापर्यंत आणि विजेपासून मजुरीपर्यंत सगळं, आणि देश चीन. पुढचा अहवाल रशियावर निघाला, पण त्याला २०२० उजाडलं.

चीनला 'तुम्ही बाजार अर्थव्यवस्था नाही' असं कुणी तोंडावर म्हटलं नाही, आणि शुल्कही फारसं उतरलं नाही. साप मेला की नाही यावर वाद घाला, काठी मात्र शाबूत राहिली.

मग अमेरिकेचा शब्द चालला असं म्हणायचं का?

थोडाफार. तोही अमेरिका जसं समजते तसा नाही. डिसेंबर २०१५ चा इशारा फुटला नसता तरी फेब्रुवारीचा मोर्चा निघाला असता. अमेरिकेने दिलेली खरी मदत इशाऱ्याची नव्हती, मजकुराची होती: कलमाचा दुसरा अर्थ कसा लागतो याची तपशीलवार मांडणी. युरोपमधल्या विरोधकांना ते आयतं मिळालं आणि त्यांनी ते आपल्या शब्दांत मांडलं. शब्द मित्राच्या तोंडून निघाला की तो मित्राचाच होतो. श्रेय हवं असेल तर असा शब्द टाकू नये.

जागतिक व्यापार संघटनेतल्या खटल्याचं काय झालं?

मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, १२ डिसेंबर २०१६ ला, चीनने अमेरिका आणि युरोप दोघांविरुद्ध तक्रार केली. चालवली मात्र युरोपवरचीच. एप्रिल २०१७ मध्ये त्यासाठी निवाडा करणारं पॅनेल नेमलं गेलं. अमेरिकेवरची तक्रार बासनात राहिली. पायंडा पाडायचा तर बचाव जिथे ढिला आहे तिथून, हा हिशेब त्यामागे असावा.

अमेरिका या खटल्यात तिसरा पक्ष म्हणून उतरली. ट्रम्प यांचे व्यापार प्रतिनिधी रॉबर्ट लाइटहायझर यांनी जून २०१७ मध्ये सिनेटपुढे सांगितलं की चीनच्या बाजूने निकाल लागला तर तो संघटनेसाठी प्रलयंकारी ठरेल. नोव्हेंबरात अमेरिकेने युरोपच्या बाजूने लांबलचक निवेदन दाखल केलं. त्याच्या आदल्या महिन्यात अमेरिकी वाणिज्य खात्याने दोनशेहून जास्त पानांचा निष्कर्ष काढला होता की चीन बिगरबाजारच आहे.

जून २०१९ मध्ये चीनच्याच विनंतीवरून काम थांबलं. बारा महिने पुढे काही न हलल्याने जून २०२० मध्ये पॅनेलचा अधिकार संपला. निकाल कधी बाहेर आलाच नाही.

अमेरिका मित्राच्या बाजूने उभी राहिली म्हणता, पण २०१८ मध्ये तिनेच युरोपच्या पोलादावर शुल्क लावलं ना?

लावलं. १ जून २०१८ पासून पोलादावर २५ टक्के आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के, तेही राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखाली. एका दालनात युरोपचा वकील आणि दुसऱ्या दालनात युरोपवर वसुली, असा तो कारभार. डिसेंबर २०१७ मध्ये ब्युनोस आयर्सला अमेरिका, युरोप आणि जपान या तिघांनी मिळून चीनच्या अतिरिक्त उत्पादनाविरुद्ध संयुक्त निवेदन काढलं होतं. त्याची शाई वाळायच्या आत हे झालं. नंतर ब्रसेल्समध्ये अमेरिकी माणसाने चिनी पोलादाबद्दल तोंड उघडलं की समोरचा आधी आपल्या पोलादाची आठवण करून देई.

मित्राकडे चीनच्या बाजूने शब्द टाकल्याचं उदाहरण आहे का?

आहे, आणि मला ते जास्त आवडतं. १९९३ चा मे महिना. हाँगकाँग ब्रिटनच्या ताब्यात होतं आणि गव्हर्नर होते ख्रिस पॅटन. १९८९ मध्ये चीनने तिआनमेन चौकातलं आंदोलन चिरडल्यानंतर अमेरिकी काँग्रेसमध्ये दरवर्षी वाद व्हायचा: चीनची 'मोस्ट फेव्हर्ड नेशन' सवलत काढायची का? चीनचा अमेरिकेला जाणारा बराच माल हाँगकाँगच्या बंदरातून जात असे. सवलत गेली तर आधी बुडणार हाँगकाँग. म्हणून पॅटन वॉशिंग्टनला गेले, क्लिंटन यांना भेटले आणि चीनला सवलत बिनशर्त द्या म्हणून मनधरणी केली.

याच पॅटन यांना चीनने दोनच महिन्यांपूर्वी 'हजार वर्षांचा गुन्हेगार' म्हटलं होतं, हाँगकाँगमध्ये निवडणुकीच्या सुधारणा आणल्या म्हणून! शिव्या देणाऱ्याचीच वकिली त्यांना करावी लागत होती. पण त्यामुळेच त्यांच्या शब्दाला वजन होतं: हा माणूस चीनचा मिंधा नाही, हे काँग्रेसमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. आणि ते चीनसाठी नाही, हाँगकाँगच्या लोकांसाठी बोलत होते.

क्लिंटन यांनी त्याच महिन्यात सवलत एक वर्षाने वाढवली, पण पुढच्या वर्षासाठी मानवी हक्कांची अट घातली. मे १९९४ मध्ये ती अट त्यांनीच काढून टाकली.

ज्यांनी दर्जा देऊन टाकला त्यांचा फायदा झाला का?

न्यूझीलंडने २००४ मध्ये दिला, ऑस्ट्रेलियाने २००५ मध्ये. दोघांना मुक्त व्यापार कराराची बोलणी सुरू करायची होती, आणि दर्जा हे त्याचं प्रवेशशुल्क होतं. करार झाले, निर्यातही वाढली. पण २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाने कोरोनाच्या उगमाची चौकशी मागितल्यावर चीनशी बिनसलं, आणि चीनने ऑस्ट्रेलियाच्या बार्लीवर एकूण ८० टक्क्यांच्या वर शुल्क लावलं. मुख्यतः डम्पिंगच्याच नावाखाली.

मित्राला करारातच बांधून घेता येतं का?

अमेरिकेने मेक्सिको आणि कॅनडाच्या बाबतीत ते केलं. तिघांचा नवा करार १ जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातलं कलम ३२.१० सांगतं की कुणी बिगरबाजार देशाशी मुक्त व्यापार करार करायला निघालं तर तीन महिने आधी कळवायचं, आणि करार झालाच तर बाकीचे दोघे सहा महिन्यांच्या नोटिशीवर बाहेर पडू शकतात. चीनचं नाव इथेही नाही. कॅनडाच्या राजधानीत, ओटावामध्ये, यावर बरीच कुरबुर झाली. शब्द टाकण्याऐवजी स्टॅम्पपेपर पुढे करण्याचा हा प्रकार. छोट्या मित्रावर तो चालतो. युरोपवर चालला नसता.

भारताची भूमिका काय?

भारताने चीनला हा दर्जा दिलेला नाही. व्हिएतनामला २००९ मध्ये दिला. पण आपल्या नियमांतली एक तरतूद फार कमी लोकांनी वाचलेली असते. डम्पिंगविरोधी शुल्काच्या १९९५ च्या नियमांचं परिशिष्ट १, परिच्छेद ८. त्यानुसार चौकशीच्या आधीच्या तीन वर्षांत भारताच्या प्राधिकाऱ्याने, किंवा जागतिक व्यापार संघटनेच्या कोणत्याही सदस्य देशाच्या प्राधिकाऱ्याने, एखाद्या देशाला बिगरबाजार ठरवलं किंवा तसं वागवलं असेल, तर तो बिगरबाजार आहे असंच गृहीत धरायचं. खोटं ठरवायची जबाबदारी त्या देशाच्या उत्पादकांची.

म्हणजे ब्रसेल्स आणि वॉशिंग्टनमध्ये जे ठरतं त्याचा उपयोग दिल्लीत संसद मार्गावरच्या जीवन तारा इमारतीतल्या व्यापार उपाय महासंचालनालयाला होऊ शकतो. त्यासाठी दिल्लीला कुणाकडे शब्द टाकावा लागत नाही.

हा विषय आता संपला का?

चीनपुरता थंडावला आहे. दर्जाचं राजकारण संपलेलं नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने रशियाचा २००२ पासूनचा दर्जा काढून घेतला. पुढे व्हिएतनामने अर्ज केला. सप्टेंबर २०२३ मध्ये बायडेन हनोईला गेले, संबंध सर्वांत वरच्या पायरीवर नेल्याचं जाहीर झालं आणि व्हिएतनामला वाटलं की आता काम झालं. अमेरिकेतले पोलादवाले आणि मेक्सिकोच्या आखातातले कोळंबीवाले विरोधात उभे राहिले; व्हिएतनाम हे चिनी मालाचं मागचं दार आहे, हा त्यांचा मुद्दा. २ ऑगस्ट २०२४ ला वाणिज्य खात्याने अर्ज नाकारला. मैत्री सर्वांत वरच्या पायरीवर, आणि कोळंबीचा भाव अजून तिसऱ्या देशाच्या वहीतून.